‘हवा मारली की फिल्टर नवा’ : पिकअपवाल्यांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

उसाचा हंगाम तोंडावर आला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात लिहिलेलं असतं ते असं: एअर फिल्टर बदलायला लावणं ही लूट आहे, कंप्रेसरची हवा मारली की तो नव्यासारखा होतो. नव्या फिल्टरने ॲव्हरेज वाढत नाही. गाडी ओढत नसेल तर फिल्टर काढूनच चालवा. आणि फिल्टरचा धुराशी, पीयूसीशी काही संबंध नाही. यातलं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं इंजिनाच्या जिवावर उठणारं आहे.

आधी ते एक वाक्य. नवा फिल्टर घातला म्हणून ॲव्हरेज उडी मारत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासलं. फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडला नाही, गाडीचा उठाव मात्र कमी झाला. पण फिल्टर ॲव्हरेजसाठी बसवलेलाच नसतो. तो धूळ अडवायला असतो, आणि मेसेज नेमका धुळीबद्दल गप्प आहे.

आता हवा मारण्याचं. गॅरेजमधला कंप्रेसर 100 पौंडांच्या वर दाब धरतो. त्याचं नोझल फिल्टरच्या घडीच्या कागदाला टेकवलं की कागद फाटतो, आणि ते भोक सहजासहजी दिसतही नाही. त्यात बहुतेक पोरं हवा बाहेरून आत मारतात, म्हणजे धूळ कागदात आणखी रुतते. मारायचीच तर आतून बाहेर, लांबून आणि कमी दाबाने. शिवाय कागदावर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो. त्यामुळे दर आठवड्याला फिल्टर काढून झाडणाऱ्याची गाडी जास्त जपली जाते, असं मुळीच नाही.

खात्री करायला काही लागत नाही. फिल्टर अंधाऱ्या जागी न्या, आत बल्ब किंवा मोबाइलची बॅटरी धरा आणि बाहेरून बघा. कुठे सुईच्या टोकाएवढा उजेड आला तर तो फिल्टर संपला. कडेचं रबर कडक झालंय का, दबलंय का ते चाचपा. मग फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडक्यावर माती आली तर धूळ आत जातेय. मग कागद कितीही स्वच्छ दिसो.

फिल्टर काढून चालवा, हा सल्ला तर सर्वांत घातक. खानापूरची तांबडी माती असो, बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीची वाळू असो की उसाच्या फडातला फुफाटा, त्यात गारगोटीचा बारीक चुरा असतोच. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती बिडाची नळी; हा चुरा त्या बिडापेक्षा कठीण असतो. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा. तेवढाच बारीक कण तिथे शिरला की घासायला लागतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं, गाडी ऑइल खाते, निळा धूर येतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, असेल तर आणखी वाईट. त्याचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, आणि त्या वेगात आलेली धूळ त्याची पाती झिजवते. काहीशे रुपयांच्या कागदापायी इंजिन खोलायची पाळी येते. ज्याचं घर त्या एका गाडीवर चालतं, त्याला हे परवडणारं नाही.

आणि धुराशी संबंध नाही? 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले. त्या नियमांच्या अनेक डिझेल गाड्यांत फिल्टरच्या पुढेच हवा मोजणारा सेन्सर असतो. किती डिझेल सोडायचं, सायलेन्सरकडचा किती गॅस ईजीआर नावाच्या व्हॉल्व्हमधून इंजिनात परत घ्यायचा, हे ठरवताना गाडी त्याचं माप बघते. सेन्सरवर धूळ बसली की माप चुकतं. फिल्टर चोंदला की हवा अपुरी पडते, काजळी वाढते आणि ती डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या जाळीत, साठते. ती जाळायला साधारण 600 अंश उष्णता लागते, म्हणजे जादा डिझेल आणि सलग चाललेली गाडी. बेळगावात एपीएमसी मार्केट ते शहापूर, तिथून खडेबाजार अशा छोट्या खेपांत ते जळणं अर्धवट राहतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पीयूसीला डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनताच मोजतात. ती काजळी तिथेही दिसू शकते.

बदलताना घाई नको. आधी फिल्टरच्या डब्याच्या वरची धूळ पुसा, नाहीतर झाकण उघडताच तीच आत पडते. इंजिनकडच्या पाइपाचं तोंड कापडाने झाका आणि डबा ओल्या फडक्याने पुसा. तिथे हवा मारू नका. नवा फिल्टर चारी बाजूंनी बसलाय का ते बोटाने फिरवून बघा, मग क्लिपा लावा, पाइपाचा क्लॅम्प आवळा. गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर साध्या रस्त्यासाठी असतात; फडातून आणि कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीला त्याच्या बऱ्याच आधी बदलावा लागतो. आणि पावसाळ्यात भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांनो, फिल्टर भिजला असेल तर उन्हात वाळवून परत घालू नका, नवाच घाला.