फलज म्हणजे वाटणी

बिरकत अल मौझ म्हणजे केळींचं तळं. ओमानच्या जबल अख्दर डोंगराच्या पायथ्याशी, निझव्याजवळ हे गाव आहे. देशाचा सरासरी पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास, आणि गावाच्या नावात केळी! नोकरीनिमित्त निझव्यात आल्यापासून मी सुट्टीच्या दिवशी तिथल्या पाटाकाठी जाऊन बसतो.

गेल्या शुक्रवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत खोचून पाटात उतरले. चिंध्या गुंडाळलेला एक दगड त्यांनी एका तोंडातून काढला आणि शेजारच्या तोंडात ठोसून बसवला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाणी वळलं आणि खजुराच्या आळ्यांकडे निघालं. मी लहानपणी अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतात अण्णांबरोबर दारं धरायला जायचो. खोऱ्याने बांध फोडायचा, वाफा भरला की पुन्हा माती ओढायची. काम तेच. फक्त इथे घड्याळ बघतात, आणि आमच्याकडे लाईट कधी येते ते बघतात.

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. "दादा, चौथं बोअर घेतलं. सातशे फूट गेलो. नुसता फुफाटा निघाला."

इथल्या पाटाला फलज म्हणतात. या शब्दाचं मूळ एका प्राचीन सेमिटिक धातूत आहे आणि त्याचा अर्थ आहे वाटणं, वाटे करणं. व्यवस्थेचं नावच वाटणी! ओमानात असे सुमारे ३,००० फलज आजही वाहतात. त्यातले पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि बिरकत अल मौझचा फलज अल-खत्मैन त्या पाचांतला एक. डोंगराखालच्या 'उम्म अल-फलज'मधून, म्हणजे फलजच्या आईविहिरीतून, जमिनीखालच्या बोगद्याने पाणी निघतं. किंचित उताराने, पंपाशिवाय, ते गावात उजेडावर येतं. सुरुवातीची जागा पिण्याच्या पाण्याची. त्यानंतर मशीद आणि आंघोळीच्या जागा, आणि शेवटी बागा.

बागेला पाणी मिळतं ते वेळेच्या मापाने. एक 'अथर' म्हणजे साधारण अर्धा तास. कोणाकडे दोन अथर, कोणाकडे अर्धा. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजत. काही वाटे खुद्द फलजच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, डागडुजी चालते. हिशोब गावासमोर असतो.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पिकांची मांडणी. उन्हाळ्यात, कोरड्या वर्षीही जेवढं पाणी येईल तेवढ्यावर जगतील इतकीच खजुराची झाडं. त्यापलीकडच्या जमिनीत गहू, कांदा, चारा अशी हंगामी पिकं. पाणी कमी झालं की ती जमीन त्या वर्षी पडीक राहते आणि खजूर वाचतो. म्हणजे कायमचं झाड वाईट वर्षाच्या पाण्यावर लावायचं, आणि चांगल्या वर्षाचं जादा पाणी हंगामी पिकाला द्यायचं. आम्ही याच्या बरोबर उलट केलं. दोन वर्षं पाऊस बरा झाला म्हणून मोसंबी वाढवली, ऊस लावला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा उभ्या जळाल्या. आमची पंधरा वर्षांची मोसंबी अण्णांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला घातली. त्यानंतर महिनाभर ते शेताकडे फिरकले नाहीत.

तरीही दर उन्हाळ्यात आपला वाद एकाच जागी फिरतो. नगर-नाशिकची धरणं जायकवाडीत पाणी सोडणार की नाही, कोकणात वाहून जाणारं पाणी गोदावरीत कधी वळवणार. मराठवाड्याचा हक्क खरा आहे, मी त्यासाठी भांडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण आलेलं पाणी गावात कसं वाटायचं, कोणत्या पिकाला द्यायचं, हे कोणी विचारत नाही. उलट गावाकडची मंडळी मला विचारतात, "तुमच्याकडे समुद्राचं पाणी गोड करतात, आपल्याकडे का होत नाही?" मस्कतच्या नळाला ते पाणी येतं हे खरं. पण या डोंगराखालच्या खजुराच्या बागा त्यावर उभ्या नाहीत. त्या या पाटावर उभ्या आहेत.

आणि हे ज्ञान आपल्याला परकं नाही. मलिक अंबरने १७ व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, याच जातीच्या भुयारी नहरीने पाणी आणलं. धुळे-नंदुरबारकडे फड पद्धतीत पाटकरी पाळीने पाणी देत असे आणि कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ही शेवटची गोष्ट फलजमध्ये मला दिसत नाही. इथे वाटा वारशाने येतो किंवा विकत घेतला जातो. आज बागांमध्ये राबणारे बरेचसे हात बांगलादेशी, पाकिस्तानी आहेत, आणि त्यांच्या नावावर एक अथरही नाही. न्यायाच्या बाबतीत नायगाव पुढे होतं असं मी इथल्या मित्रांना सांगतो.

ओमानमध्येही सगळं आलबेल नाही. बातिना किनारपट्टीवर पंप आले, विहिरी वाढल्या, उपसा इतका झाला की समुद्राचं पाणी जमिनीखाली आत शिरलं आणि चांगल्या बागा खारावल्या. पंप हातात आला की माणूस इथलाही तसाच वागतो. फरक एवढाच की फलजच्या आईविहिरीभोवती 'हरीम' आखलेला असतो आणि त्या हद्दीत नवी विहीर खणायला मनाई असते. एकाच्या बोअरने दुसऱ्याचा पाट आटतो, हे इथल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडे २००९ चा भूजल कायदा आहे. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरी घेण्यावर त्यात बंधनं आहेत. धाकट्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, शेजारच्यानं साडेआठशे घेतलंय. मी एकट्यानं थांबून काय होणार?" त्याचं चुकलं असं मी म्हणू शकलो नाही. एकट्याने थांबून खरंच काही होत नाही. फलजवरही एकटा कोणी थांबत नाही, सगळ्यांच्या पाळ्या सगळ्यांना पाठ असतात म्हणून तो म्हातारा वेळ झाल्यावर दगड काढतो.

मे महिन्यात मी गावी जातोय. १ मेच्या ग्रामसभेला बसणार आहे. गावात बोअर किती, कोणाचं किती खोल, किती कोरडी गेली, याची यादी चावडीवर लावा, एवढीच मागणी करायची असं धाकट्याशी ठरलंय. यादीत पहिलं नाव आमचं टाकायला तो तयार झाला आहे.