फणसातला खिळा

च्यायला त्या खिळ्याच्या! फणसाच्या ओंडक्याची तिसरी फळी, निम्मी चिरून झालेली, कटर म्हणजे पेट्रोलवरची साखळीची करवत एका सुरात चाललेली, पिवळाधमक भुसा पायावर पडतोय आणि एकदम खर्रर्र. एक ठिणगी. पुढच्या क्षणी भुशाचं पीठ झालं, कटर आत शिरायचं सोडून जागच्या जागी घासत बसला आणि जळका वास सुटला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

बाहेर काढून बघितलं तर 57 दातांपैकी 11 दातांची टोकंच गायब. कटरची नवी कोरी दातेरी चेन, लाकूड उभं चिरायची, दात 10 अंशांत घासलेली, नऊ दिवस कुरिअरची वाट बघून आलेली. बरं, 11 गेले म्हणून 11 च घासून भागत नाही. उरलेले 46 चांगले दातही घासघासून त्यांच्याएवढे बुटके करायचे, नाहीतर कटर एका बाजूला ओढतो आणि फळीची पन्हळ होते. एकाने दंगा केला की अख्ख्या वर्गाला उठाबशा.

खिळा तरी कसला, बोटाएवढा! आजूबाजूचं लाकूड काळंनिळं पडलेलं. सालीपासून चार बोटं आत, म्हणजे ठोकून वर्षानुवर्षं झाली असणार. फणस बिचारा रस्त्याकडच्या गडग्याला लागून उभा होता एवढाच त्याचा गुन्हा. निवडणुका झाल्या, शिकवणी झाली, 'प्लॉट विकणे आहे' झालं, कबड्डीची स्पर्धा झाली. खिळ्यांवरचे जाहिरातींचे पत्रे गंजून पडले, उमेदवार पडला, क्लास बंद झाला, खिळा तेवढा राहिला. आणि झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बुंध्यात ठोकलेला खिळा जन्मभर त्याच उंचीवर बसतो, वरून लाकूड चढत जातं. म्हणजे ठोकणाऱ्याच्या छातीएवढ्या उंचीवर. म्हणजे बरोब्बर तिथे, जिथे बुंधा सरळ, बिनगाठीचा, झोपाळ्याची अखंड फळी निघेल असा. दोरीने बांधा की रे! सुंभ काय सोन्याच्या भावाने मिळतो?

इथपर्यंत बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं ते पीं पीं करणारं यंत्र कुठाय?"

आहे. लाकडातलं लोखंड शोधायचं यंत्र, खास याच कामासाठी घेतलेलं. कपाटात आहे. त्याची 9 व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरला लावलीय, कारण मागच्या महिन्यात विहिरीच्या पंपाचा स्टार्टर घरच्या घरी दुरुस्त करायची हौस मला आली होती. तो शेवटी वायरमननेच केला. तेव्हा या विषयावर घरात मी फार आवाज चढवू शकत नाही. म्हणून इथे चढवतोय.

कारण मुळात मी कटर घेऊन परसात ओणवा का होतो? वखारवाले म्हणतात, "लाकूड आणा, आऱ्यावर चिरून देतो." आणा म्हणजे? 10 फूट लांब, 6 फूट घेराचा ओला ओंडका, पाऊण टन तरी असेल, पाखाडीच्या बावीस पायऱ्या चढवून? ओझं ओढायची चेन कुप्पी लावली, पहारी लावल्या, खाली पाइपचे तुकडे टाकले, सहा माणसं उभी केली. त्यातली चार सूचना द्यायला. "जरा डावीकडून घ्या." अरे हात लाव की मेल्या! टेम्पोवाला आला, ओंडक्याभोवती प्रदक्षिणा घातली, वाकून आपल्या गाडीचे पाटे बघितले आणि "भाऊ, एक भाडं सोडून येतो" म्हणून गेला तो अजून येतोय.

आणि विकायला जावं तर माप काय? घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. दीड गुणिले दीड गुणिले 10, झाले साडेबावीस घनफूट. शाळेतल्या पाय आर वर्गाने तोच ओंडका साडेअठ्ठावीसच्या वर भरतो. मधले सहा घनफूट कुठे गेले? "साल, कड, वाया जातं ना दादा." बरं. मग त्याच वखारीत फळी घ्यायला जा, तिथे गाठ, भेग, कड सगळ्यासकट मोजून पैसे घेतात. तेव्हा काही वाया जात नाही.

कागदांचं तर बोलूच नका. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा-फणस आहेत, तोडायला परवानगी लागते, मान्य. पण हा फणस जूनच्या वादळात आपणहून आडवा झालेला. कार्यालयात तीन खेपा. तिसऱ्या खेपेला विचारतात, "उभा असतानाचा फोटो आहे का?" साहेब, पडणार असल्याचं त्याने आधी कळवलं नाही.

त्यावर गिऱ्हाईक. पुण्याच्या काकूंना झोपाळ्यासाठी फळी हवीय, अखंड, दोन इंच जाड. "झाड घरचंच ना तुमचं? मग कापण्याचेच पैसे ना?" हो काकू, पेट्रोल विहिरीतून शेंदतो. ओल्या फळीला सावलीत वाळायला इंचामागे वर्ष धरतात, असं सांगितलं. "म्हणजे गणपतीला मिळेल?" मिळेल, कुठल्या सालच्या ते विचारू नका.

आता त्या फळीच्या मधोमध काळा डाग आणि करंगळी जाईल असं भोक आहे. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

रात्रीचे अकरा वाजलेत. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस घेऊन पडवीत बसलोय, 38 दात झालेत, 19 राहिलेत. हाताला फणसाचा चीक, त्यावर खोबरेल, त्यावर लोखंडाचा कीस. मुलाला संध्याकाळी 9 व्होल्टची बॅटरी आणायला पाठवलं होतं. पेन्सिल सेल घेऊन आलाय.