दुखणं अंगावर काढतात, की काढावं लागतं?

बायका लाजेपायी स्त्रीरोगं लपवतात, हा तुमच्या लेखातला सूर पटला नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन खेड्यांतल्या ६५० जणींची तपासणी झाली. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघालं, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या? फक्त ८ टक्के! तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. (ऑपरेशनचं टार्गेट मात्र सगळ्यांना पाठ.) पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय हे सांगायला जवळपास बाई डॉक्टर तरी हवी ना?

पुढे उपचार पोचले तेही कसे, बघा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. फडात पाणी नाही, आडोसा नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. जिथे गोळ्यांवर भागलं असतं तिथेही काहींचं थेट ऑपरेशन. पिशवीबरोबर अंडाशयही गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि या बायका डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांच्यावर लिहा की एकदा.