‘समजा’ आणि नाणं

नमस्कार काका,

(‘वयाने तुझ्या काकाएवढा आहे’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.)

तुमची तक्रार मला कळली ती अशी. फुली-गोळ्याच्या कोड्यात अंदाज लावावाच लागत नाही, असं मी मागच्या लेखात छातीठोक लिहिलं आणि चार ओळी खाली ‘समजा इथे फुली आहे’ म्हणत स्वतःच अंदाज लावला. तुमच्या कोड्यात शेवटी दोन ओळींत दोन-दोन घरं उरली, तिथे तुम्ही नाणं उडवलंत आणि ते बरोबर आलं. शिवाय हा पोरखेळ, नीट खेळलं तर बरोबरीतच सुटतो, त्यात डोकं कसलं चालवायचं?

बरोबरीचं सोळा आणे खरं, पण तो वहीच्या मागच्या पानावरचा नऊ घरांचा खेळ. (त्यालाही फार हसू नका. १९६१ मध्ये डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकाने ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन तो खेळ शिकत जाणारं यंत्र बनवलं होतं.) मोबाइलवरच्या कोड्यात समोर कुणी नसतंच. सहा बाय सहाची चौकट, काही घरं आधीच भरलेली. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत तीन फुल्या, तीन गोळे, आणि सारखी तीन चिन्हं लागून यायची नाहीत. जुन्या खेळाची चिन्हं तेवढी उसनी घेतलीत.

‘मेंदूला धार लावा’ हे त्या लेखाचं शीर्षक सवंग होतं, मान्य. बदललंय.

आता ‘समजा’कडे येतो. एका ओळीत पहिल्या आणि सहाव्या घरात फुली आहे, मधली चार रिकामी. म्हणजे एक फुली आणि तीन गोळे टाकायचे. ती फुली दुसऱ्या घरात टाकली, तर तिसरं-चौथं-पाचवं सलग गोळे. बाद. पाचव्यात टाकली, तर दुसरं-तिसरं-चौथं. तेही बाद. फुली तिसऱ्यात की चौथ्यात हे अजून ठरलं नाही, पण दुसऱ्या आणि पाचव्या घरात गोळा, हे आता दगडावरची रेघ. अंदाजाने टाकणारा ‘बरोबर येऊ दे रे देवा’ म्हणत टाकतो. मी ती फुली खोटी पडावी म्हणूनच टाकली होती. शाळेत भूमितीच्या तासाला अप्रत्यक्ष सिद्धता घोकली असेल ना, तीच ही.

नाण्याच्या बाबतीत मात्र चूक माझी. एकटंदुकटं घर कधी अडत नाही, उभ्या ओळीची मोजदाद त्याला सोडवते. अडतो तो तुमच्यासारखा चार घरांचा चौकोन, कारण त्यात फुली-गोळ्याची अदलाबदल केली तरी मोजदाद जुळतेच. त्यासाठीचा तिसरा नियम मी लिहायलाच विसरलो: कोणत्याही दोन आडव्या ओळी हुबेहूब सारख्या नसतात, दोन उभ्याही नसतात. वरच्या उदाहरणात दुसरी एखादी ओळ ‘फुली गोळा फुली गोळा गोळा फुली’ अशी आधीच भरलेली असेल, तर आपली फुली तिसऱ्यात जाऊच शकत नाही. ती चौथ्यात गेली, की चौकोनातली बाकीची घरं आपोआप भरतात.

आणि नाणं बरोबर आलं म्हणाल, तर दोनातून एकदा येणारच. मी मुलुंडहून स्लो लोकलने जातो. एकदा घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसली, त्या रेटारेटीत एक गोळा ठोकून दिला. दादरपर्यंत दहा-बारा घरं झरझर भरली, नि परळला बघतो तर चौथ्या उभ्या ओळीत चार गोळे! मूळ चूक कुठल्या घरात, सांगता येईना. अख्खी चौकट पुसली. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले गृहस्थ मघापासून फोनमध्ये डोकावत होते, ते म्हणाले, “मला घाटकोपरलाच वाटलं होतं.”

तेवढं तुमच्या गेमचं ‘कसं खेळायचं’ हे पान उघडून तिसरा नियम आहे का बघा, कारण सगळ्याच गेममध्ये तो नसतो. नसेल, तर अडलेली अख्खी चौकट मला पाठवा. इशाऱ्याचं बटण दाबून जाहिरात बघत बसू नका.