लायनफिशला गोल्डफिश का दिले नाहीत: एका तक्रारीला उत्तर

नमस्कार. एकच तारा दिलात, ठीक आहे. पण तुमची तक्रार वाचून इतर मत्स्यपालकही टँकमध्ये काय घालायचं ते ठरवणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: लायनफिश या समुद्री शिकारी माशासाठी जिवंत गोल्डफिश मागितले, ते आम्ही दिले नाहीत, बाजारातली सोललेली कोळंबी घालू नका असं सांगून आमचंच फ्रोझन खाद्य गळ्यात मारलं, रीफला (म्हणजे प्रवाळ असलेल्या समुद्री टँकला) सुरक्षित म्हणून दिलेल्या पेलेट्सच्या, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांच्या, घटकांत कॉपर सल्फेट निघालं, आणि मासा फ्रोझन खाईना तेव्हा पाकीट परत घेतलं नाही.

गोल्डफिश दुकानात होते आणि तरी दिले नाहीत, हे खरं आहे. खाद्य म्हणून ते पुढेही देणार नाही. लायनफिश ते गपकन गिळतो यात वादच नाही, हललं की त्याच्यासाठी ते भक्ष्य. भोवतं ते नंतर. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोज तेच पोटात जात राहिलं की मासा मलूल होतो, खाणं टाकतो, पोहताना तोल जायला लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून हे एन्झाइम निकामी होत नाही. शिवाय समुद्री माशाला लागणारी ओमेगा-३ आम्लं गोड्या पाण्यातल्या या माशांत पुरेशी नसतात.

कोळंबीबद्दल ‘समुद्रातलीच तर आहे’ असं तुम्ही लिहिलंय. कोळंबीला आमची ना नाही, पाकिटाला आहे. सोललेल्या फ्रोझन कोळंबीत पाणी धरून राहावं म्हणून पुष्कळदा फॉस्फेटचे क्षार घालतात आणि काळे डाग पडू नयेत म्हणून सल्फाइट. आपल्या ताटात ते चालून जातं, रीफ टँकमध्ये मात्र फॉस्फेट वाढलं की काचेवर शेवाळ चढतं आणि कठीण प्रवाळांची वाढ मंदावते. पाकिटामागे घटक म्हणून फक्त कोळंबी लिहिलेली असेल, तर खुशाल वापरा, आमच्याकडून काही घेऊ नका. फक्त रोज तेवढंच नको. मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव), माकूळ, डोक्या-पोटासकट अख्खे छोटे समुद्री मासे असं आलटूनपालटून द्या.

कॉपरची शंका मात्र अगदी रास्त आहे. औषध म्हणून पाण्यात घातलेलं कॉपर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांच्या जिवावर उठतं, म्हणून रीफमध्ये ते कधीच घालायचं नाही. पेलेट्समधलं कॉपर खनिजांच्या मिश्रणातून येतं आणि घटकांच्या यादीत पार तळाशी असतं. तेवढं तर कोळंबी-खेकड्यांना लागतंच, कारण त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन कॉपरवरच चालतं. पेलेट्स मोजकेच टाका, उरलेले काढून घ्या, म्हणजे झालं.

आता मासा फ्रोझन खात नाही त्याचं. अंगाने धडधाकट असेल तर दोन दिवस उपाशी ठेवा. संध्याकाळी दिवे मंद झाले की टँकच्याच पाण्यात वितळवलेला छोटा मासा पारदर्शक काडीच्या टोकाला अडकवून पंपाच्या प्रवाहात हलवा. तोंडापाशी नेऊ नका, थोडा लांबून तिरका जाऊ द्या. बहुतेक लायनफिश असे वळतात. हटून बसलाच तर समुद्री जिवंत कोळंबीने सुरुवात करून देऊ.

पाकीट परत घेणार नाही. वाटेत ते किती वितळलं, पुन्हा कधी गोठवलं, हे आम्हाला बघून कळत नाही, आणि तसं खाद्य दुसऱ्या कोणाच्या टँकमध्ये जाऊ देणं आम्हाला जमणार नाही.