‘ळ’ जरा मागून काढा

भुसावळात रेल्वेमुळे देशभरातील माणसे येऊन स्थायिक झाली, आणि पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी त्या सर्वांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एकत्र येऊन एकाच गीताचे प्रत्येक कडवे निराळ्या भाषेत गावे, असे यंदा ठरले. मलयाळम, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी आणि सर्वांत शेवटी मराठी, असा देवनागरीत छापलेला कागद दारातच हातात पडला. बाहेर मे महिन्याचे ऊन होते आणि आमच्या बाकावरचा पंखा नेमका बंद होता.

माझ्या शेजारी एक निवृत्त गार्डकाका बसले होते. मलयाळम कडव्याची पहिली ओळ मी कशीबशी ओढत नेली, तोच त्यांचे कोपर माझ्या बरगडीत शिरले.

“साहेब, ‘ळ’ जरा मागून काढा. जीभ पार टाळूला लावा.”

“तुम्हाला मलयाळम येते?”

“एर्नाकुलमला लग्नाला गेलो होतो,” ते म्हणाले. एवढ्या अधिकारावर त्यांनी उरलेले कडवे माझ्या कानात गायले आणि प्रत्येक ‘ळ’पाशी थांबून, मी तो कुठून काढतो, हे माझ्या तोंडाकडे वाकून पाहिले. तमिळच्या वेळी त्यांची खात्री आणखी वाढली, कारण त्या लग्नाहून परतताना गाडी तमिळनाडूतून आली होती. तेलुगूत मी पुरता भरकटलो, तेव्हा ते पुढच्या तीन बाकांना ऐकू जाईल इतक्या प्रेमाने म्हणाले, “राहू द्या, तुम्ही नुसते ओठ हलवा.” पुढच्या बाकावरील मावशींनी वळून माझ्याकडे पाहिले. ती नजर अजून जात नाही.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्टच्याच दिवशी, पार्थी, मेदी, एलामी अशा नाना देशांच्या लोकांनी प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकले, असे लिहिले आहे. पार्थी माणसाला एलामी कडवे म्हणायला लावून त्याच्या बरगडीत कोणी कोपर खुपसल्याचा उल्लेख मला तरी तेथे आढळला नाही.

अखेर मराठीची पाळी आली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीचे वळण दिले, म्हणून तर आमच्या आजीला पुस्तक न उघडता पदे येत. आता तरी गळा मोकळा करावा म्हणून मी श्वास घेतला, तर वेळेअभावी मराठी कडव्याच्या पहिल्या दोनच ओळी घ्याव्यात, अशी सूचना झाली. त्या दोन ओळींत काका मुळीच गायले नाहीत. कागदाची घडी घालून ते वारा घेत होते.

“आपलंच आहे, येतंच की,” ते म्हणाले.

उपासना संपल्यावर चहाच्या रांगेत त्यांनी मला पुन्हा गाठले. “काय भो, तुमना आवाज का निंघत नही?” म्हणजे काकांची घरची भाषा अहिराणी. कागदावर तिची एक ओळही नव्हती, आणि नवापूरकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे घरी जी मावची बोलतात, तिचीही नव्हती. मग अहिराणीचे कडवे का नाही, असे मी जरा तिखटपणेच विचारले.

काका मनापासून हसले. “अहिराणी? ती लग्नात नाचायला!”

मग चहाचा घोट घेऊन त्यांनी सांगितले की वसाहतीत एक बंगाली कुटुंब नुकतेच आले आहे, तेव्हा पुढच्या वर्षी बंगाली कडवे घालावे लागेल आणि कागदावर जागा करण्यासाठी मराठी काढावे, असे त्यांनी पाळकसाहेबांना सुचवले आहे.