पंधरा मिनिटांचे किलार्नी

डब्लिनला राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आयर्लंडच्या नैऋत्येचे, तळ्याडोंगरांचे किलार्नी दाखवणे हा आमचा कुळाचारच झाला आहे, आणि दर खेपेला सहलीच्या बसमध्ये तोच मनस्ताप पदरी पडतो. सुमारे १७९ किलोमीटरचा रिंग ऑफ केरी हा वर्तुळाकार रस्ता एका दिवसात उरकायचा असल्याने, १८६१ साली व्हिक्टोरिया राणीच्या सहचरींना ज्या देखाव्याने भुरळ घातली, त्या लेडीज व्ह्यूवर आम्हाला मोजून पंधरा मिनिटे मिळतात. त्यांतली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. मागच्या वेळी वरच्या तळ्यावरचे धुके नुकते विरू लागले होते, ओकच्या रानापलीकडे पाण्याची रुपेरी चीर उघडत होती, तोच चालकाने भोंगा वाजवला. पुढे लोकरी स्वेटरांच्या दुकानापाशी मात्र पाऊण तास! (मेंढीचे चित्र असलेली चार चुंबके आमच्या फ्रिजवर आहेत.) मकरॉसच्या बागा, टॉर्कचा धबधबा, लॉक लेन तळ्याकाठची तांबडी हरणे यांची नावे तेवढी ध्वनिक्षेपकावरून ऐकायची. एवढे होऊन पाहुणे परतताना समाधानाने म्हणतात, “झालं बाई एकदाचं किलार्नी बघून!”